डाव्या खांद्याचे माप

शिवणकामाविषयी लिहिण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. माझा व्यवसाय भाषांतराचा. सकाळी दहा वाजता मेजापुढे बसावे, इंग्रजी किंवा हिंदी मजकूर पुढे ओढावा आणि त्याचे मराठी करावे, यात माझी बारा वर्षे गेली. एकच मासिक अनेक भाषांतून निघत असले, की चित्रे आणि पानांची मांडणी सर्वांना समाईक असते. मूळ मजकूर चित्राच्या शेजारी सात ओळींत बसला असेल, तर मराठीलाही तेथे सात ओळींतच बसावे लागते. त्यामुळे शब्द मोजण्याची आणि छाटण्याची मला सवय आहे. कापड छाटण्याची मात्र नव्हती. तरीही गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी एक कंचुकी शिवली. तिच्या खांद्यांवरील दोन पट्ट्या बसवताना जे घडले, ते वाचकहो, तुम्हांला सांगावेसे वाटते.

माझी भाची येथील एका महाविद्यालयात शिकते आणि माझ्याकडेच राहते. त्यांच्या नाट्यमंडळाने कार्लो गोल्दोनी या इटालियन नाटककाराचे ‘ला लोकांदिएरा’ हे नाटक बसवायला घेतले होते. गोल्दोनी व्हेनिसचा, जन्म १७०७ सालचा, पेशाने वकील. हे नाटक १७५३ साली व्हेनिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. तोवर तिकडच्या विनोदी नाटकांत ठराविक मुखवटे घातलेले नट आयत्या वेळी सुचतील ते संवाद बोलत. गोल्दोनीने त्यांच्या हाती लिहिलेली संहिता दिली आणि रोजच्या जीवनातील माणसे रंगमंचावर आणली. या नाटकाची नायिका मिरांदोलिना ही उतारूंच्या सराईची मालकीण. उतरलेले उमराव तिच्यावर भाळतात. स्त्रीजातीचा तिटकारा करणारा एक ताठर पाहुणा तर तिच्या चातुर्यापुढे पुरता नमतो. आणि ती मात्र शेवटी लग्न करते ते आपल्याच सराईतल्या नोकराशी. मुलींनी स्वतःच या नाटकाचे हिंदी रूपांतर केले होते, आणि मिरांदोलिनाची भूमिका माझ्या भाचीला मिळाली होती.

घरात दोन दिवस नुसता आनंद होता. तिसऱ्या दिवशी पोशाखाचा प्रश्न उभा राहिला. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात जे मिळाले ते टिकल्या लावलेले, राण्यांना शोभणारे झगे. सराई चालवणारी, चादरींना इस्त्री करणारी बाई असे झगे घालील कशी? मंडळाची पुंजी बेताची होती. म्हणून ज्याचा पोशाख त्याने शिवावा असे ठरले. “मावशी, आपण शिवू या ना,” असे भाची म्हणाली आणि मी विचार न करता होकार दिला.

त्या काळच्या युरोपातील कष्टकरी स्त्रीचा वेश फार गुंतागुंतीचा नव्हता. आत सैल, पांढरा सदरा. कमरेपासून खाली चुणीदार घागरा. आणि सदऱ्यावरून धड आवळून धरणारी, नाडीने बांधलेली कंचुकी. हिला मराठीत काय म्हणावे, हा माझा पहिला पेच. चोळी म्हणावे, तर आपली चोळी मऊ असते, अंगासारखी वळते. ही वस्तू अंगाला आपल्यासारखे वळवते. अस्तराच्या दोन थरांमध्ये उभ्या, अरुंद नळ्या शिवून त्यांत ताठ पट्ट्या सरकवलेल्या असतात. त्यासाठी तिकडे व्हेल माशाच्या तोंडातील, समुद्राचे पाणी गाळणाऱ्या लवचिक पट्ट्या वापरीत. त्यांना हाड म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी ते हाड नव्हे. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याच्या त्या असतात. इतके कष्टाचे हे काम, की पॅरिसमध्ये १६७५ साली शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतःचा संघ स्थापण्याची मुभा मिळाली, तरी अशा ताठ कंचुक्या शिवण्याचे काम पुरुष शिंप्यांकडेच राहिले. १७६९ साली फ्रँस्वा द गार्सो याने शिंप्याच्या कलेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कंचुकीचा शिंपी हा एक वेगळाच कारागीर मानलेला आहे.

आम्ही व्हेलच्या वाटेस गेलो नाही. विजेच्या सामानाच्या दुकानात तारा एकत्र बांधण्यासाठी प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या मिळतात. त्यांची टोके कापून, घासून गोल केली, की काम उत्तम भागते. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना, मग दोन थरांचे सुती अस्तर, वरून विटकरी रंगाचे जाडे कापड. पाठीवर नाडी ओवण्याची भोके आम्ही हातानेच पाडली. दाभणाने धागे न तोडता नुसते बाजूला सारावेत आणि भोकाच्या कडेने गोलाकार दाट टाके घालावेत. कात्रीने कापलेले भोक ताण पडताच फाटत जाते. नाडी एकच, आणि ती एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे नागमोडी चढत जाते. तीन आठवडे रोज रात्री जेवणे आटोपली, की आम्ही दोघी दिव्याखाली बसत असू. धड छान उभे राहिले. राहता राहिल्या खांद्यांवरच्या पट्ट्या, आणि त्या काय, एका संध्याकाळी होतील असे मला वाटले.

येथेच माझे गणित चुकले. पहिल्या पट्ट्या मी उरलेल्या कापडातून काढल्या. तुकडा तिरका होता, म्हणून पट्ट्याही तिरक्या बेतल्या गेल्या. कापड ताण्याच्या दिशेने ओढले तर फारसे वाढत नाही. तिरके ओढले तर रबरासारखे लांबते. तीन तालमींत माझ्या पट्ट्या बोटभर वाढल्या आणि दंडावर लोंबू लागल्या. मी त्या उसवल्या आणि नव्या कापडातून, लांबी ताण्याच्या धाग्याला धरून, आत न वाढणारे अस्तर घालून पुन्हा केल्या. दोन्ही ९ इंच लांब, सव्वा इंच रुंद. पट्टीवर पट्टी ठेवून पाहिली तर रेषभर फरक नाही! पुढे-मागे मोजून, मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर त्या मी पक्क्या शिवून टाकल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी भाची तालमीहून आली ती न बोलताच. जेवताना म्हणाली, “मावशी, मी हे काम सोडते आहे.”

“का गं? काय झालं?”

“डावी पट्टी राहतच नाही. इस्त्रीच्या प्रसंगात तीनदा घसरली. सगळ्या हसल्या. हसल्या त्याचं काही नाही, पण मग सगळ्या माझ्या खांद्याकडेच पाहायला लागल्या.”

यावर मला काहीच बोलता आले नाही. का, ते सांगण्यासाठी सात वर्षे मागे जायला हवे.

नागपंचमीचा दिवस होता. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता. भाची तेव्हा तेरा वर्षांची आणि मी अठ्ठावीस. दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवत होतो. झोका पुरेसा उंच गेला तेव्हा ती म्हणाली, “पुरे, मावशी!” मी हसले आणि आणखी एकदा जोर दिला. तिचा हात सुटला. ती डाव्या खांद्यावर पडली. गळ्याजवळचे हाड मोडले होते. दोन्ही खांदे मागे ओढून धरणारी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पट्टी तिला कित्येक आठवडे बांधून ठेवली होती. हाड जुळले, पण दोन टोके किंचित एकमेकांवर चढून जुळली. त्यामुळे तो खांदा थोडा खाली आणि थोडा गळ्याकडे सरकलेला राहिला. हाताला काही अपाय नाही. ती सर्व कामे करते. मात्र तेव्हापासून तिने रुंद गळ्याचे कपडे घातले नाहीत, आणि तिची ओढणी नेहमी डाव्या खांद्यावर टाचलेली असते. त्या शेवटच्या झोक्याविषयी आम्ही दोघी कधीही बोललो नव्हतो. घरात सर्वांना ठाऊक होते ते एवढेच, की मुलीचा हात सुटला.

त्या रात्री मी नाना उपाय योजले. डाव्या पट्टीखाली कापसाची गादी घालावी, पट्टी सदऱ्याला टाके घालून जखडावी, काही नाही तर गळ्याभोवती रुमाल बांधावा. यांपैकी प्रत्येक उपाय खांदा झाकण्याचा होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

सकाळी कंचुकी पिशवीत घालून मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या वृद्ध मास्टरजींकडे गेले. भाचीलाही बळेच नेले. त्यांनी उभ्या आयुष्यात कोट आणि शेरवान्याच शिवल्या. कंचुकी त्यांनी उलटून पालटून पाहिली, हातशिलाईची तारीफ केली आणि विचारले, “या दोन्ही पट्ट्यांचे माप कोठे घेतले?”

“कागदावर,” मी म्हणाले. “दोन्ही अगदी सारख्या आहेत.”

“बाईजी, हे कागदाला घालायचे आहे की मुलीला?”

मग त्यांनी आपली मापांची वही उघडली. गिऱ्हाइकांच्या नावांपुढे आकडे होते आणि बहुतेक आकड्यांच्या कडेला एकेक बारीक खूण. कोणाचा उजवा खांदा पाव इंच खाली, कोणाचा डावा अर्धा इंच. लेखणी चालवणारे, एकाच खांद्यावर पिशवी वाहणारे, कडेवर मूल घेणाऱ्या बायका... दोन्ही खांदे सारखे असलेले गिऱ्हाईक आपल्याला क्वचितच भेटले, असे ते म्हणाले. भाची ती वही बराच वेळ पाहत राहिली.

पुढचा एक तास मास्टरजी सांगत गेले आणि मी टाचण्या लावत गेले. ज्यांच्या घरी शाळा-महाविद्यालयाच्या नाटकांसाठी असे पोशाख शिवले जातात, त्यांना उपयोग होईल म्हणून ते क्रमाने लिहिते.

पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी आतला सदरा घालून कंचुकी पूर्ण आवळावी, कारण ती कोणत्या उंचीवर स्थिरावते हे नाडी ठरवते. अशी कंचुकी कमरेवर आणि धडावर उभी राहायला हवी. पट्ट्यांवर तिचा भार नसतो. पट्टीचे काम वरची कड अंगालगत राखण्याचे. माझ्या पट्ट्या भार वाहत होत्या, कारण कंबर दोन बोटे सैल होती. आधी ती दुरुस्त केली.

मग घालणाऱ्याला उभे करावे, पण ‘सरळ उभी राहा’ असे सांगू नये. जशी रोज उभी राहते तशीच उभी राहू द्यावी; नाहीतर आपण अशा अंगाचे माप घेतो, जे रंगमंचावर दोन मिनिटेही टिकत नाही.

पट्टीचे मागचे टोक आधी बसवावे. खांद्यावरून पट्टी घसरते ती पुष्कळदा लांबीमुळे नव्हे, तर मागे फार बाहेर लावल्यामुळे. मागचे टोक कण्याच्या बाजूला सरकवले आणि पट्टीला खांद्याच्या उतारासारखा तिरकस रोख दिला, की ती आपोआप गळ्याकडे ओढ घेते. भाचीच्या डाव्या बाजूला आम्ही ते टोक उजवीपेक्षा अर्धा इंच आत घेतले.

पुढचे टोक सर्वांत शेवटी, आणि तेही नुसते टाचून. पट्टी हवी त्याहून दोन इंच लांब ठेवावी. आता हात वर करायला सांगावे, वाकायला सांगावे, बसायला, खोल श्वास घ्यायला सांगावे. हात वर गेला की खांदा कानाकडे चढतो. पट्टी आखूड असेल तर सबंध कंचुकी वर उचलली जाते, लांब असेल तर हात खाली येताच दंडावर उतरते. या दोहोंच्या मधली जागा अंगावरच सापडते. आमची उजवी पट्टी ९ इंचच राहिली. डावी ८¼ इंच झाली, कारण खांदा खाली असला, की कंचुकीच्या कडेपासून खांद्यावरून जाणारी वाट तेवढीच आखूड होते.

आणि शेवटची गोष्ट : पुढचे टोक पक्के शिवू नये. युरोपातील संग्रहालयांत त्या काळच्या ज्या कंचुक्या जपलेल्या आहेत, त्यांतील कित्येकींच्या पट्ट्या मागे शिवलेल्या आणि पुढे भोकांतून फितीने बांधलेल्या आढळतात. पुस्तकातील चित्रांत ती फीत पाहून मी ती शोभेची समजले होते. आपल्या बाराबंदीचे किंवा तान्ह्या बाळाच्या झबल्याचे बंद कशासाठी असतात, एवढे आठवले असते तरी ती चूक झाली नसती. अंग रोज तेच राहत नाही. बंद हे त्याला दिलेली सवलत असते.

शेवटची टाचणी आम्ही घरी येऊन लावली. भाची आरशासमोर उभी होती, ओढणी खुर्चीवर पडली होती, आणि मी तिच्या डाव्या खांद्यापाशी वाकले होते. त्या हाडावरचा उंचवटा मी इतक्या जवळून सात वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणाले, “त्या दिवशी तू ‘पुरे’ म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं.”

ती आरशातूनच माझ्याकडे पाहत होती. “मला आठवतं ना,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण ‘पुरे’ म्हणताना मीही हसत होते, हे तू विसरलीस.” आणि मग, “मावशी, ती टाचणी नीट लाव, टोचते आहे.”

मी टाचणी नीट लावली. डोळे पुसायला मात्र मला स्वयंपाकघरात जावे लागले.

प्रयोगाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिसऱ्या अंकात मिरांदोलिना कपड्यांना इस्त्री करते आणि एकीकडे त्या ताठर पाहुण्याला झुलवत राहते. भाचीचे हात पुढे-मागे चालत होते. ती वाकत होती, वळत होती, चादर झटकत होती. मी पहिली काही मिनिटे केवळ एका विटकरी पट्टीकडे पाहत होते. पट्टी जागची हलली नाही. मग केव्हा तरी मी तिच्याकडे पाहणे विसरले आणि नाटक पाहू लागले. दोन पट्ट्यांत पाऊण इंचाचा फरक आहे हे त्या सभागृहात तिला आणि मला सोडून कोणालाही कळले नसेल. उलट, दोन्ही पट्ट्या सारख्या होत्या तेव्हाच एक खांदा डोळ्यांत भरत होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक परिच्छेद सात ओळींत बसेना. एरवी मी एखादे विशेषण, एखादे ‘सुद्धा’ कापून तो बसवला असता. त्या दिवशी मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याकडे जाऊन म्हणाले, मराठीला येथे आठ ओळी लागताहेत, चित्र थोडे लहान होईल का? त्यांनी जरा आश्चर्याने पाहिले आणि चित्र लहान करून दिले. नेहमीच ते जमेल असे नाही. पण विचारायला काय हरकत होती, हे मला बारा वर्षे सुचले नव्हते.

कंचुकी आता त्यांच्या मंडळाच्या पेटीत जमा झाली आहे. पुढच्या वर्षी ती कोणा दुसऱ्याच मुलीच्या अंगावर चढेल. पेटीत ठेवण्यापूर्वी भाचीने अस्तराला एक चिठ्ठी टाचली. मला वाटले, तीत आमची दोन मापे लिहिली असतील. मी वाचून पाहिले. हिंदीत एकच ओळ होती : घालणारीचे माप नव्याने घ्यावे, दोन्ही खांद्यांचे वेगवेगळे.